सोललेले देठ

वैजयंतीबाई गुप्त्यांना स्वच्छतेचा सोस आहे, हे लंडनशेजारच्या अख्ख्या स्लाऊला ठाऊक. दुसऱ्याकडे चहाला गेल्या तरी निघताना ओटा पुसून निघतील. तीस वर्षं वेअरहाऊसमध्ये पॅकिंग केलं, रिटायर झाल्या, आणि घरी बसून नवऱ्याशी, सुहासरावांशी, हुज्जत घालण्यापेक्षा बरं म्हणून दर मंगळवारी लंडनच्या एका हर्बेरियममध्ये व्हॉलंटियर म्हणून जाऊ लागल्या. देशोदेशीची वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवायची, एवढंच काम. पण हात काय बाईंचा! पान असं बसवतील, की जणू कागदातूनच उगवलंय.

पहिल्याच महिन्यात त्यांच्यापुढे बोलिव्हियाच्या डोंगरातला एक नेचा, म्हणजे फर्न, आला. देठांवर नुसते तपकिरी, कोंड्यासारखे खवले. बाईंनी अळूच्या देठी सोलाव्यात तसे ते नखाने खरवडले, ब्रशने झटकले आणि देठ लख्ख करून मगच चिकटवले. निघालेला कोंडा मात्र टाकवेना; परक्याची वस्तू, आपण कोण फेकणार? त्याची पुडी बांधली, वर कागदाचा नंबर लिहिला. पुढच्याच मंगळवारी ट्रेनिंगमध्ये सांगितलं, की असले नेचे ओळखायचे ते या खवल्यांवरूनच. झालं! बाईंना सांगायचा धीर होईना. पुडी पर्समध्ये गेली आणि तिथून घरी, देव्हाऱ्याच्या खणात.

चार वर्षं ती तिथेच होती. मधल्या काळात हर्बेरियममध्ये मालविका आली. लंडनच्या हॅरोत जन्मलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी, नेच्यांची अभ्यासक, बाईंना मावशी म्हणणारी आणि त्यांच्या डब्यातलं थालीपीठ न विचारता उचलणारी. बाईंचा तिच्यावर भारी जीव. एका मंगळवारी ती हर्षाने फुलून आली. नवी जात सापडली होती! बोलिव्हियाचा एकुलता एक नमुना, बाकी सगळं एका जुन्या जातीसारखं, पण देठ अगदी गुळगुळीत. वर्णन लिहून तयार होतं, शुक्रवारी पाठवायचं होतं. आणि ज्या हातांनी तो नमुना इतका सुंदर मांडला, त्या हातांचं नाव तिने जातीला दिलं होतं. जगातल्या एका नेच्याचं नाव वैजयंती!

बाई त्या दिवशी डबा न उघडताच घरी आल्या. सुहासरावांचं मत पडलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बस. दोन दिवस त्या गप्प बसल्याही. नाव आपलं जाईल ते जाऊ दे, पण पोरीचं हसं होईल, हे काही त्यांना गिळवेना. गुरुवारी, वार नसताना, पुडी घेऊन त्या मालविकाच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"ते देठ गुळगुळीत नव्हते गं. मी सोलले."

मालविकाने एक खवला मायक्रोस्कोपखाली धरला. मग दुसरा. मग जुन्या जातीचा कागद काढून शेजारी ठेवला. बाईंना तिचा चेहरा बघवेना. खवले हुबेहूब जुन्या जातीचे होते.

"मावशी, हा पुडी चार वर्ष कुठे होता?" तिने शेवटी विचारलं.

"देवापाशी," बाई म्हणाल्या.

मालविकाला हसू फुटलं, डोळे मात्र भरले होते. तीन महिन्यांचं लिखाण तिने बाजूला सारलं आणि पुडी कागदाच्या कोपऱ्यात चिकटवली. मग नेहमीची चिठ्ठी घेतली. वनस्पती कोणती आणि ती ओळखली कोणी, हे तिच्यावर लिहितात. जातीचं जुनंच नाव लिहिलं. खाली स्वतःचं नाव लिहायचं सोडून तिने लिहिलं, वैजयंती गुप्ते. नको नको म्हणेपर्यंत चिठ्ठी चिकटलीसुद्धा.

घाईत लावल्यामुळे कडेने गोंद बाहेर आला होता. बाईंचा हात सवयीने फडक्याकडे गेला, आणि त्यांनी तो मागे घेतला.