हिलालभाऊंचा कोरा मोबाईल

आमच्या समोरच्या दारात हिलालभाऊ राहतात. मूळचे शिंदखेड्याकडचे. सुरतेत आले ते लूमवर कामाला, आणि आता पर्वत पाटियाजवळ भाईदास शेठकडे साड्यांची पार्सलं रवाना करायचं सगळं तेच बघतात. मी सकाळी देवापुढे बसते तेव्हा समोरून त्यांचा आवाज येतो, "गाडी निघनी का रे?" आणि लगेच गुजरातीत, "अरे भाई, माल तो कालनो तैयार छे!" माझी घंटा आणि त्यांचा फोन बरोबरच वाजतात. सुरुवातीला मला राग यायचा. आता पलीकडे शांत असलं की माझंच पूजेत लक्ष लागत नाही.

माणूस भयंकर टापटिपीचा. दाराबाहेरच्या चपला आमच्यासुद्धा सरळ करून ठेवतात. श्रावणात कानबाई यायची असली की मग विचारूच नका. आम्ही साताऱ्याकडचे, आम्हाला कानबाई इथे येऊनच कळली. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत ही देवी बसते, रोटांचा, म्हणजे जाड गोड पोळ्यांचा, नैवेद्य होतो, रात्रभर गाणी, आणि सोमवारी तापीवर निरोप. त्याआधी घर असं घासतात की भिंतींनाही वाटावं, आता पुरे. डबे, गोधड्या, पंख्याची पाती, सगळं धुऊन निघतं. आणि हिलालभाऊ त्यात मोबाईलही धरतात. शनिवारी बसून सगळे मेसेज, फोटो, व्हिडिओ पुसून कोरा करतात आणि देवीसमोर ठेवतात. म्हणे, "वहिनी, घरात देवी येणार आणि खिशात वर्षाचा कचरा? बरं दिसतं का?"

मला तर पटलंच होतं. मी स्वतः चार गुड मॉर्निंग पुसून टाकले.

पण गेल्या वर्षी हे पुसणं अंगाशी आलं. शेठचा इंदूरच्या एका व्यापाऱ्याशी वाद चालू होता. साड्यांचा रंग उतरला, आणि तो उतरणार हे तुमच्या माणसाने आधीच कबूल केलं होतं, असं व्यापाऱ्याचं म्हणणं. तुमचा माणूस म्हणजे हिलालभाऊ. आषाढातच वकिलाने शेठच्या सगळ्या लोकांना मोबाईलवर लांबलचक इंग्रजी मजकूर पाठवला होता, की या प्रकरणाचं काहीही पुसू नका. हिलालभाऊंनी न वाचताच उत्तरात अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि पुढच्या गाडीमागे लागले. मग कानबाई आली.

भाद्रपदात दोन्ही बाजूंचे फोन तपासायला जमा केले, तर यांचा कोरा. व्यापारी म्हणाला, पुरावा नष्ट केला. शेठ म्हणाले, "हिलाल, तू पेला साथे मळेलो छे?" म्हणजे तू त्या माणसाला सामील आहेस का. इतक्या वर्षांच्या माणसाला असं विचारलं, आणि वर सांगितलं, खरं काय ते बाहेर येईपर्यंत घरी बस.

घरी बसलेला हिलालभाऊ म्हणजे मजल्यावर संकट. त्यांनी जिन्यातल्या कुंड्या उंचीप्रमाणे लावल्या. माझ्या दाराची कडी दोनदा तेल घालून गेले. चंचलताई, त्यांची बायको, मला म्हणाली, "वहिनी, यास्ले कुठे तरी कामले लावा, नही तं मी माहेर जास!" हसत म्हणाली, पण डोळे सुजलेले होते. मी त्यांच्या नावाने संध्याकाळी एक जादा निरांजन लावायला लागले.

वकिलाने वाट काढून दिली होती तशी. म्हणाला, निरोपाच्या वेळी मोबाईल तापीत पडला असं सांगू. हिलालभाऊ ताडकन उठले. "कानबाईच्या निरोपात खोटं घुसवू? नोकरी गेली तरी चालेल. मीच पुसलं, तेच लिहा."

नुसतं तेवढंच लिहिलं गेलं असतं तर नोकरी आणि नाव दोन्ही गेलं असतं. तेवढ्यात एक दिवस सायली नावाची मुलगी घरी आली. पुण्याची, खांद्याला लॅपटॉप. शेठच्या वकिलाने जिच्या कंपनीला सगळ्यांचे फोन तपासायला दिले होते, ती ही. चंचलताईने मला आधार म्हणून बोलावून घेतलं. मी चहा टाकला.

सायली म्हणाली, "काका, तुमच्या फोनमध्ये काही नाही, पण तुम्ही पाठवलेलं बाकीच्यांच्या फोनमध्ये आहे. हजारो मेसेज आहेत, ते आता माणूस नाही, मशीन आधी वाचतं. एकसारखे फोटो बाजूला काढतं, आवाजातलं बोलणं लिहून काढतं, आणि कोण कोणाशी काय बोललं याचा नकाशा करतं."

"अहिराणी समजते त्याले?" हिलालभाऊंनी विचारलं.

"अर्धीमुर्धी. म्हणून तर आले." तिने पडदा आमच्याकडे वळवला. नावांची वर्तुळं होती, शेठचं, हिलालभाऊंचं, व्यापाऱ्याचं, आणि मधोमध सगळ्यात मोठं एक. "ही बाई कोण? सगळे हिच्याबद्दल बोलतात. कोणाच्याच फोनमध्ये मात्र हिचा नंबर नाही. आणि तुमचा हा मेसेज मशीनने लाल करून दिलाय: कानबाई येण्याआधी सगळं पुसून टाकतो. काका, कोण आहे ही कानबाई? तिचाही फोन घ्यावा लागेल."

चंचलताईने पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. "माय वं! कानबाईना फोन!" मी तर किटली खाली ठेवली. हिलालभाऊ मात्र हात जोडून उभे. "ताई, ती आमची देवी आहे."

सायलीला सगळं सांगितलं, रोट, गाणी, तापी, सगळं. ती आधी कानापर्यंत लाल झाली आणि मग आमच्याहून जास्त हसली. हसता हसताच तिची बोटं चालू झाली. "थांबा. वाद यंदाचा आहे. मागच्या श्रावणात बघू." मागच्या श्रावणात रवानगीच्या ग्रुपवर हिलालभाऊंचाच आवाज निघाला: उद्या मोबाईल साफ करणार, कोणाचं काही राहिलं असेल तर आत्ताच बोला, कानबाई येतेय. त्याच्या आदल्या श्रावणातही तेच. कोणी तरी खाली चिडवलंही होतं, हिलालभाऊ, देवी व्हॉट्सअप तपासते का!

"यंदा लपवायचं म्हणून पुसलं असतं तर आधीच्या वर्षी का पुसलं असतं?" सायली म्हणाली. "आणि काका, तुम्ही काही निवडून पुसलंत का?"

"नाही. सगळंच."

"नातीच्या बारशाचा व्हिडिओ पन?" चंचलताईचा आवाज एकदम वेगळाच लागला.

हिलालभाऊ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले.

पुढची पाच मिनिटं शेठ परवडले असं त्यांना वाटलं असणार. सायलीने मध्ये पडून सांगितलं, व्हिडिओ मुलीच्या फोनमध्ये असेलच, आणि आपण अहवालात हेही घालू. मनात पाप असलेला माणूस स्वतःच्या नातीचं बारसं पुसत नाही.

अहवालात कानबाईवर एक पूर्ण परिच्छेद गेला. रंगाबद्दलचे मेसेज व्यापाऱ्याच्याच फोनमधून निघाले. हिलालभाऊंनी कबूल वगैरे काही केलेलं नव्हतं, पहिली धुलाई थंड पाण्यात करा एवढंच बजावलं होतं. तो वाद अजून चालू आहे, पण शेठ स्वतः जिना चढून वर आले. धापा टाकत एवढंच म्हणाले, "चाल, गाडी भरवानी छे." माफी त्यात आली, असं हिलालभाऊ म्हणतात. चंचलताईला ते पटलेलं नाही.

आता यंदाचा श्रावण. वाद मिटेपर्यंत मोबाईलमधलं एक अक्षर हलवायचं नाही, असं वकिलाने या वेळी मराठीत, अहिराणीत आणि तोंडावर सांगितलं. मग कचऱ्यासकट फोन घरात कसा ठेवायचा? शनिवारी हिलालभाऊ तो धुतलेल्या रुमालात गुंडाळून आमच्याकडे घेऊन आले. "वहिनी, तुमच्यात कानबाई बसत नाही. सोमवारपर्यंत सांभाळा. बंद करू नका, शेठ घाबरतील."

म्हणून रविवारी समोर गाणी चालली होती आणि मी आमच्या सोफ्यावर बसून त्यांच्या फोनवर एकेकाला सांगत होते, "भाऊ रोट करताहेत. नाही, गाडीचं मला ठाऊक नाही. तुम्ही कोण? कोइम्बतूर? बरं, जेवलात का?"