दादाची लाल गिटार

सगळी बाजारपेठ त्याला चकाचक म्हणायची. फर्निचरला पॉलिश करावं तर त्यानंच. कितीही रया गेलेली खुर्ची असो, त्याच्या हाताखालून गेली की नव्या नवरीच्या तोऱ्यात दुकानाबाहेर पडायची. बायको म्हणायची, "यांना जेवायला वाढलं तरी आधी ताट घासून बघतील."

तर अशा या चकाचकला एक दिवस जुन्या वाद्यांच्या दुकानात दादाची इलेक्ट्रिक गिटार दिसली.

तरुणपणी थोरला भाऊ ती हॉटेलांतून वाजवायचा. धाकट्याला पॉलिशचं दुकान काढायचं होतं, तेव्हा एका सकाळी दादानं त्या पैशांसाठी ती विकून टाकली. पुढं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही आणि दुसरी गिटारही घेतली नाही. दादाचं ते न बोलणंच धाकट्याला इतकी वर्षं खात होतं.

गिटार तीच, शंकाच नको. दादाचा उजवा हात टेकून टेकून तळव्याएवढा लाल रंग उडालेला, खालचं लाकूड उघडं पडलेलं. वर खुंट्यांपाशी सिगारेटचा काळा डाग. गाणं सुरू झालं की दादा पेटती सिगारेट तिथं तारेत खोचायचा आणि विसरून जायचा.

"अशा आता शोधूनही मिळत नाहीत," दुकानदार म्हणाला. "आहे तशीच ठेवा बरं का. हात लावू नका."

"मला सांगता?" चकाचक हसला. भाजीवाल्याशीही हुज्जत घालणारा हा माणूस, पण इथं त्यानं घासाघीस केली नाही. नव्या टेम्पोसाठी साठवलेलं सगळं मोजून गिटार घरी आणली.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ना! दादाच्या हातात अशी डागाळलेली वस्तू कशी ठेवायची? जेवणाखाण्याची शुद्ध न ठेवता त्यानं रंग उतरवला, डाग खरवडला, लाकूड गुळगुळीत केलं आणि लाल रंगाचे पातळ हात चढवत गेला. इतकं देखणं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

दादाच्या घरी नेली तेव्हा वहिनी तर बघतच राहिली. दादानं गिटार मांडीवर घेतली. उजवा हात सवयीनं आपल्या जागी गेला, तिथून घसरला, पुन्हा ठेवला तर पुन्हा घसरला. मग अंगठा खुंट्यांपाशी काहीतरी चाचपू लागला.

"अगदी माझ्या गिटारसारखी आहे रे," दादा म्हणाला. "कुठं मिळाली?"

"दादा, तुझीच आहे ती."

"अरे, माझी मी ओळखणार नाही का? डोळे मिटून ओळखीन." दादा समजूत घातल्यासारखा हसला. "पण तू एवढी खटपट केलीस, त्यात सगळं आलं."

चकाचकला दुकानदाराचे शब्द आठवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कधी नव्हे ते आपल्याच हातांचा त्याला राग आला. मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं.

दादा बराच वेळ नव्या रंगावरून हात फिरवत राहिला.

"जे खरवडलंस, त्यातलं काही ठेवलंयस का रे?"

"नाही दादा. झाडून टाकलं."