सरांच्या बाई

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी पन्नाशी उलटल्यावर विद्यापीठात चित्रकलेच्या पदव्युत्तर वर्गाला प्रवेश घेतला, तेव्हा शिक्षकखोलीत दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, आता या वयात हे कशाला? दुसऱ्याचं म्हणणंही तेच होतं, फक्त तो पक्ष बाईंच्या माघारी बोलत असे. मी गणिताचा मास्तर. कैक वर्षं बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसत आलो आहे. मी म्हटलं, "बाई, शिकवण्याचा कंटाळा आला का?"

"कंटाळा नाही हो," त्या म्हणाल्या. "पण पदविका झाली आणि मी थेट वर्गावर उभी राहिले. तेव्हापासून मीच सगळ्यांना शिकवतेय. एकदा तरी मला कुणीतरी शिकवावं असं वाटतं."

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली होती. यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं, ते आपल्या कामात. मुख्याध्यापिकाबाईंनी थोडी कुरकुर करून दोन वर्षांची रजा दिली, आणि बाई पाठीला पिशवी लावून बसने विद्यापीठात जाऊ लागल्या.

चित्रकला विभाग म्हणजे एक लांबलचक दालन. छत उंच, एका बाजूला ओळीने खिडक्या, आणि आत शिरताच नाकात जाणारा टर्पेंटाइनचा वास. कॅनव्हास टेकवायच्या लाकडी घोड्यांवर वर्षानुवर्षांच्या रंगांचे थर चढलेले. कोपऱ्यातलं बेसिन मुळात पांढरं होतं, हे जुन्या शिपायाला विचारूनच कळायचं. वर्गात दहाबारा मुलंमुली, बाईंच्या लेकीपेक्षाही लहान.

पहिल्या दिवशी मार्गदर्शक सर आत आले आणि दारातच थबकले. अर्धी पिकलेली दाढी, खांद्यावर झोळी. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याही उठून उभ्या राहिल्या. हा त्यांचाच विद्यार्थी होता. शाळेत असताना याच्या बाहीवर कायम शाईचे डाग असायचे, म्हणून पोरं त्याला 'शाई' म्हणायची. ते नाव बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, म्हणे. कसंबसं गिळलं.

"बाई, तुम्ही इथे?"

"प्रवेश घेतलाय, सर."

"अहो, मला सर काय म्हणता? बसा ना."

"आधी तुम्ही बसा."

दोघंही उभेच. मुलं खुसुखुसू हसायला लागली तेव्हा कुठे दोघं एकदम बसले. त्या दिवसापासून बाई सरांना सर म्हणत, सर बाईंना बाई म्हणत, आणि बघता बघता सगळा वर्गच त्यांना बाई म्हणू लागला.

बाईंनी कामात कसूर केली नाही. दालन उघडायला त्या शिपायाच्या बरोबरीने हजर. सुरई, वाडगा, फळं, त्यांच्यामागे सोडलेलं कापड अशी मांडणी करायची आणि रंगवत बसायचं. कापडाच्या चुण्या अशा उतरायच्या की चिमटीत धरून बघाव्यात. मुलं मागे येऊन उभी राहत आणि "कसलं जमतं हो तुम्हाला" म्हणत.

महिन्यातून एकदा सगळ्यांनी आपापली चित्रं भिंतीला लावायची आणि सरांनी एकेकाशी त्यावर बोलायचं, असा रिवाज होता. मुलं त्याला 'सोलणं' म्हणत. नाव काही खोटं नव्हतं. शाळेतला हा अबोल मुलगा आता जिभेला चांगलीच धार लावून होता. एकाला म्हणाला, "हा हिरवा तू निवडलास, की ट्यूबमध्ये उरला होता म्हणून लावलास?" दुसरीला म्हणाला, "एवढा मोठा कॅनव्हास, आणि सांगायचंय ते पोस्टकार्डाएवढं." मुलांचे चेहरे पडत, काहींचे डोळे भरत. मग ती पुन्हा घोड्याशी जाऊन नव्याने कामाला लागत.

बाईंच्या चित्रासमोर मात्र सर हात मागे बांधून क्षणभर उभे राहत आणि म्हणत, "छान. बाईंचा हात आहे हा." की लगेच पुढच्या चित्राकडे.

पहिल्यांदा बाईंना बरं वाटलं. घरी जाऊन त्यांनी यजमानांना सांगितलंही. दुसऱ्या महिन्यात तेच वाक्य. तिसऱ्या महिन्यात "हात आहे हा" एवढंच. चौथ्या महिन्यात नुसतं "छान".

वर्गात एक मुलगी होती, सगळे तिला 'तोफ' म्हणत. एक दिवस पायऱ्यांवर चहा पिताना तिने तोफ डागली.

"बाई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल की."

"सर तुमच्याशी खरं बोलत नाहीत. आम्हाला सोलतात, कारण आमच्याकडून त्यांना काहीतरी हवं असतं. तुम्हाला नुसता नमस्कार करून पुढे जातात."

बाई हसल्या. चहा संपवला. पण बसमध्ये त्यांचा थांबा कधी मागे गेला ते त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या सरांच्या खोलीत गेल्या. सर खुर्ची पुढे करायला उठले.

"उठू नका," बाई म्हणाल्या. "सर, माझ्या चित्रांत काय चुकतंय?"

"चुकत काही नाही, बाई. तुमचं रेखाटन तर..."

"चुकत नसतं तर ही पोरं माझ्यामागे उभी राहून 'जमतं' म्हणाली नसती. 'हे काय आहे' असं विचारलं असतं. मी नोकरीवर रजा टाकून इथे आलेय. तुम्ही मला शिकवायला घाबरता का?"

सरांनी टेबलावरचा खोडरबर उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "हो, घाबरतो. पेन्सिल कशी धरायची ते तुम्ही मला शिकवलंत. तुमच्या चित्राला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही."

"मग मी इथे कुणाकडे यायचं?"

सर उठले. त्यांनी दार लोटलं आणि मग ते खरं बोलले. हळू आवाजात, पण हातचं काही न राखता. म्हणाले, बाई, तुमचं प्रत्येक चित्र परीक्षेत फळ्याशेजारी टांगायच्या नमुन्यासारखं आहे. सुरई सुरईसारखी, कापड कापडासारखं. पण ही सुरई कुणी बघितली, का बघितली, ते कळत नाही. तुम्हाला जे येतं तेच तुम्ही पुन्हा पुन्हा करता. जे येत नाही त्याच्या वाटेला जात नाही. असंच चालू राहिलं तर पदवी मिळेल, बाकी काही होणार नाही.

"बरं," बाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

स्वतःहून मागून घेतलेलं असलं तरी ते लागायचं ते लागलंच. आठवडाभर बाई विद्यापीठात फिरकल्या नाहीत. मी भेटायला गेलो, तर घरातली सगळी कपाटं आवरायला काढली होती. "पोरगा खोटं बोलत नव्हता हो," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा घड्या घालू लागल्या.

यजमान धोरणी. दुकानातली मदतनीस तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होती. ते म्हणाले, "घरात भांडी आपटण्यापेक्षा दुकानात येऊन बस. फ्रेमा तरी काढून दे."

बाई गेल्या. दुकान चिंचोळं. दोन्ही भिंतींना काचेची कपाटं, टेबलावर अंडाकृती आरसा. गिऱ्हाईक यायचं, तयार चष्मा डोळ्यांवर चढवायचं आणि आरशात बघायचं. बाई टेबलाच्या आतल्या बाजूला, आरशाच्या अगदी शेजारी बसलेल्या, म्हणून तो चेहरा त्यांना समोरून दिसायचा.

एका दुपारी एक म्हातारे सुतार आले. कधीपासून चष्मा टाळत होते, शेवटी सुनेने ढकलून आणलेलं. त्यांनी चष्मा लावला आणि आरशात पाहिलं. गालावरून हात फिरवला. भुवई दाबून पाहिली.

"नंबर बरोबर आहे ना?" यजमानांनी विचारलं.

"नंबर ठीक आहे," सुतार म्हणाले. "मला वाटत होतं, घरचा आरसा जुना झालाय."

ते गेल्यावर बाईंनी फ्रेमांच्या खोक्याचं झाकण उलटं केलं आणि पेन्सिलीने तो चेहरा आठवून काढायला घेतला. नाक चुकलं. एक डोळा वर गेला. खोडून पुन्हा काढलं, पुन्हा चुकलं. वर्षानुवर्षं आपल्या हातून एवढं वाईट रेखाटन झालं नव्हतं, असं त्या मला नंतर म्हणाल्या. पण ते झाकण त्यांनी फेकलं नाही.

सोमवारी त्या ते घेऊन सरांपुढे उभ्या राहिल्या. सरांनी उजेडात धरून पाहिलं.

"नाक गेलंय."

"गेलंय."

"जबडाही लटकतोय."

"हो."

"पण हा माणूस घाबरलाय, आणि ते तो कुणाला दाखवत नाहीये." सरांनी झाकण परत दिलं. "असे आणखी आणा, बाई."

यजमानांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "काखेत कळसा नि गावाला वळसा. जन्मभर दुकानात ये म्हणत होतो, तेव्हा आली नाहीस."

पुढचं वर्ष-सवावर्ष बाईंनी तेच केलं. गिऱ्हाइकाला आधी विचारायचं, "पहिल्यांदा बघाल तेव्हा तुमचं चित्र काढू का?" काही नाही म्हणत, काही लाजत. एका बाईंना चष्म्याची गरज नव्हती, तरी त्या चित्रासाठी येऊन बसल्या आणि खोटाखोटा आश्चर्याचा चेहरा करू लागल्या. त्यांना चहा पाजून परत पाठवावं लागलं. दुकानात छोटं रेखाटन करायचं आणि दालनात ते कोळशाने पुरुषभर कागदावर मोठं करायचं.

आता सर बाईंनाही सोलू लागले. "हे गोड झालंय, पुसा." "इथे तुम्ही दमलात आणि जुन्या सवयीवर आलात." बाई पुसत. कधी कागदच फाडत. एकदा मात्र सरळ म्हणाल्या, "सर, हे तुमचं चुकतंय. हा चेहरा असाच राहणार." सर थोडे मागे सरकले, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "मला पटत नाही. पण राहू द्या." तोफ मला सांगत होती, त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना चहा पाजला.

शेवटच्या परीक्षेला सगळ्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि बाहेरून एक परीक्षक आल्या. फार न बोलणाऱ्या, पण डोळा तिखट. मोठमोठ्या कोळशाच्या चेहऱ्यांसमोरून त्या एकदा शेवटपर्यंत जाऊन परत आल्या. मीही तिथे होतो, पाहुण्यांच्या गर्दीत मागे.

"ही सगळी माणसं आरशात बघतायत म्हणता. मग एकाही चित्रात आरसा का नाही?"

"आरसा जिथे होता, तिथे आत्ता तुम्ही उभ्या आहात," बाई म्हणाल्या.

परीक्षकबाई आपण कुठे उभ्या आहोत ते पाहू लागल्या. मग त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला सरांनी सुचवलं?"

"नाही. आरसा हवा असंच सरांचं मत होतं."

खिडकीशी उभे असलेले सर म्हणाले, "आजही आहे."

परीक्षकबाई पहिल्यांदाच हसल्या.

गुण काही डोळे दिपवणारे आले नाहीत. बाई वर्गात मधल्या फळीत राहिल्या, तोफ पहिली आली. परीक्षकबाईंच्या मते, निम्म्या चित्रांत बाईंच्या सरावलेल्या हाताने बघणाऱ्या डोळ्याला मागे ढकललं होतं. बाईंना ते मान्य होतं. सुताराची सून आपल्या सासऱ्यांना प्रदर्शन दाखवायला घेऊन आली होती. ते आपल्या चित्रासमोर बराच वेळ बसून राहिले आणि जाताना म्हणाले, "चौकट मी करून देतो. ही लावलीय ती तिरकी आहे."

बाई शाळेत परत आल्या त्याला आता दीड वर्ष झालं. शिक्षकखोलीतले दोन्ही पक्ष केव्हाच विरघळले. दुकानाच्या मागे यजमानांची लेन्स घासायची जागा होती, ती अर्धी रिकामी करून त्यांनी तिथे घोडा उभा केला आहे. रविवारी त्या तिथे असतात. सरांना काही दाखवायचं झालं तर विद्यापीठात जातात, आणि दोघांचं बहुधा पटत नाही.

सध्या त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या पाठी काढतायत. काल मधल्या सुट्टीत मी विचारलं, कसं चाललंय?

"जमत नाहीये हो," बाई म्हणाल्या. "मान बरी येते. पण खांदे अजून कुणाचेच वाटत नाहीत."

मग घंटा झाली आणि त्या सातवीच्या वर्गावर गेल्या.