हिरवी ज्योत

आक्रा शहरातल्या बुकोम वस्तीत लार्येला सगळे फ्रिजचा डॉक्टर म्हणायचे. गळती शोधायची त्याची एकच तऱ्हा. पेटता बर्नर नळीवरून फिरवायचा. गॅस सुटत असेल तिथे ज्योत हिरवी व्हायची. वस्तीतले सगळे मिस्त्री तसंच करत. जुना गॅस पेटायचा नाही, मग भीती कसली?

मग सरकारचा फतवा निघाला. हवा तापवणारा जुना गॅस हळूहळू बंद. त्याऐवजी स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद भरायचा, तोही शिकून दाखला घेतल्यावरच. लार्ये भडकला. केस पिकल्यावर काय शाळेत बसायचं?

बायको, कोर्कोर, हटून बसली. ती घरच्या फ्रीझरमध्ये पाण्याच्या पिशव्या गोठवून बर्फ विकायची. किनाऱ्यावरच्या कोळणी तिच्याकडूनच न्यायच्या.

"अहो, मुकाट्याने जा. नाहीतर उद्या कुत्रं विचारणार नाही तुम्हाला."

गेला बिचारा. शिकवणारी बाई त्याच्या लेकीच्या वयाची. "आग नाही, साबणाचा फेस," ती रोज बजावायची. परीक्षेत त्याने तेच घडाघडा सांगितलं. दाखला मिळाला तेव्हा कोर्कोरने गल्लीभर मक्याच्या पिठाचे केंके आणि तळलेले मासे वाटले.

"पहिला नवा गॅस माझ्याच फ्रीझरमध्ये भरा," ती म्हणाली. "बघू देत लोकांना."

त्याने भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी पिशव्या मऊ पडायला लागल्या. कोर्कोर झाकण उघडून आत वाकली, एकेक पिशवी चाचपू लागली. "अहो, गळतंय बहुतेक कुठेतरी."

लार्ये मागे उकिडवा बसला. डोक्यात एकच, आता वस्तीत हसं होणार. हात आपला रोजच्यासारखा बर्नरकडे गेला. ज्योत हिरवी झालीच नाही. भडका उडाला, आणि त्याच क्षणी त्याला साबणाचा फेस आठवला.

कोर्कोर त्यातून वाचली नाही. लोक अजून नव्या गॅसला शिव्या घालतात. लार्ये मान हलवतो. गॅसचा दोष नाही म्हणतो, माझ्या हाताचा आहे. त्या हाताने त्याने पुन्हा एकही फ्रिज उघडला नाही.

त्या दुपारी दवाखान्याची गाडी येईपर्यंत ती एकच मागत होती, "बर्फ आणा हो, थोडा बर्फ." तो दारोदार धावला. प्रत्येक दारात बायका गोंधळून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"बर्फ? तो तर तुमच्याच घरी मिळतो ना?"