रंजिताची मान

रंजिता शाळेतून रडत आली, त्या दिवसापासून चंद्रावतीने तिची मान घासायला सुरुवात केली.

पोरगी तेव्हा आठवीत होती. मानेवर केसांच्या खाली एक काळपट, जाडसर पट्टा उमटला होता. वर्गातल्या मुली तिच्या मागच्या बाकावर बसायला तयार होईनात. ही आंघोळच करत नाही, असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं होतं.

चंद्रावतीला ते फार झोंबलं. पनवेलच्या त्या चाळीत तिच्या घराला कुणी काहीही म्हटलं असलं तरी अस्वच्छ म्हणून कधी नाव ठेवलं नव्हतं. तिने पोरीला मोरीत बसवलं आणि पाय घासायच्या वजरीने मान घासली. मग बेसन-लिंबू लावून पाहिलं, नारळाच्या काथ्याने पाहिलं. पट्टा होता तसाच राहिला.

"आई, आग होतेय गं."

"थोडी व्हनारच. मळ सुटाला नको?"

चंद्रावती खाडीकाठच्या कोळ्यांची. लहानपणी अंगाने अगदी काडी. बाप होडी घेऊन खाडीत जाई आणि निवट्या, चिंबोऱ्या, बोयटं असं जे मिळेल ते तांदळाच्या भाकरीबरोबर ताटात पडे. पुढे खाडीत भराव पडले, पाण्याला रॉकेलचा वास येऊ लागला आणि बापाने होडी विकली. तिचं लग्न महादेवशी झालं. तो पळस्प्याजवळ कंटेनरच्या यार्डात माल चढवायचा-उतरवायचा. एकदा पाठीत काहीतरी सटकलं, तेव्हापासून महिन्यातले निम्मे दिवस तो घरीच पडून असे. म्हणून चंद्रावती उरण नाक्याकडच्या एका बेकरीत खारी-टोस्ट पॅकिंगला लागली.

मालक इस्माईलभाई मनाने चांगला माणूस. तुटलेली खारी, करपलेले टोस्ट, बिघडलेली नानकटाई असा विकता न येणारा माल तो संध्याकाळी बायकांना वाटून टाकी. चंद्रावती पिशवी भरून घरी आणायची. सकाळचा चहा त्या मालाबरोबर, शाळेचा डबा तोच, दुपारी भूक लागली की तेच. रात्रीही कधीकधी. कडधान्य शिजवायचं तर स्टोव्ह तासभर पेटता ठेवावा लागे आणि रॉकेल रेशनवर पुरेसं मिळत नसे. खारीला ना रॉकेल लागत होतं, ना वेळ. पोट मात्र भरत होतं. चंद्रावतीने उपाशी झोपलेली माणसं पाहिली होती. भरल्या पोटाची भीती वाटावी, असं तिच्या आयुष्यात काही घडलंच नव्हतं.

रंजिता अंगाने भरत गेली. चंद्रावतीही. शेजारची सुमती म्हणायची, "खात्यापित्या घरची दिसते हो तुझी पोरगी!" ते ऐकून तिला बरंच वाटायचं.

घासून घासून एक दिवस रंजिताच्या मानेची साल निघाली. तिथे गळू झालं, ताप चढला. चंद्रावतीने खाडा केला आणि पोरीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी केस बाजूला करून बराच वेळ मान पाहिली.

"हे कशाने सोललं?"

"घासून," रंजिताच म्हणाली.

"मावशी, हा मळ नाहीये. कितीही घासलंत तरी निघणार नाही. शरीराला साखर नीट वापरता येईनाशी झाली की काही मुलांच्या मानेवर असा डाग येतो. रक्त तपासून घेऊ."

"साकर? आमच्याकडं गोडधोड निस्तं सनाला व्हतंय, बाई."

"रोज काय खाते ही?"

चंद्रावती म्हणाली, "भाकरी, भाजी, मासली... घरातलाच सगला."

रंजिताने मान वर करून आईकडे पाहिलं. 

रिपोर्ट आला. अजून मधुमेह झालेला नव्हता, पण पोरगी उंबरठ्यावर उभी होती. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं: पालेभाज्या, कडधान्यं, फळं द्या, चालायला लावा. मैदा, तळलेलं, बेकरीचं काही नको. 'बेकरीचं' हा शब्द त्यांनी सहजच उच्चारला होता. चंद्रावतीने मात्र पोरीकडे बघायचं टाळलं.

बाहेर आल्यावर रंजिताने विचारलं, "तू खोटं का सांगितलंस?"

"मग काय सांगाचा व्हता? टाकलेल्या मालावर पोर वाढवली म्हनून?"

तिथून पुढे चंद्रावतीच्या जिवाला स्वस्थता राहिली नाही. रंजिता पाणी प्यायला उठली की ती दचकायची. सारखी तहान लागणं वाईट, असं दवाखान्यातल्या रांगेत कुणीतरी बोललं होतं. पोरगी बसल्या बसल्या पेंगली तरी ही तिला हलवून जागं करायची. आपल्याच हाताने आपण पोरीच्या अंगात काय भरलं, हा विचार डोक्यातून जात नव्हता. तिने पिशवी आणणं बंद केलं. मग दुपारी पोरगी भुकेने कळवळायची, डबे उघडून बघायची. महादेवही चिडला.

"खारी नाय, टोस नाय, मंग खावाचा काय? वारा?"

"पोरीला काय झाला तर तू येशील का जाब द्याला?"

तो कूस बदलून भिंतीकडे वळला. पण त्याचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. संध्याकाळी बाजार उठताना तिने स्वस्तात उतरलेली भाजी आणली, सुमतीकडून मूठभर वाल आणले. ते शिजायच्या आतच स्टोव्ह फरफरून विझला. घरातलं रॉकेल संपलं होतं. अर्धे कच्चे वाल तिघांनी कसेबसे चावून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ती इस्माईलभाईसमोर जाऊन उभी राहिली. "भाई, मना तो तुकडा माल नको. त्याच्या बदली दुसरा काय मिलल का?"

इस्माईलभाई ओशाळला. "बहन, तो तर मी फेकण्यापेक्षा देतो. त्याच्या बदल्यात काय देणार?"

पोरीचं काय झालंय ते चंद्रावतीने त्याला सांगितलं.   त्याच्या मागे लाकडावर पेटणारी भट्टी होती. शेवटचे ट्रे काढून झाले होते तरी धगीमुळे तिच्या तोंडाशी उभं राहवत नव्हतं. तिकडे बघता बघता चंद्रावतीच बोलली, "भाई, ही भट्टी थंड व्हाला किती वेल लागतंय?"

"रात उलटते तरी गरम असते. का?"

"वालाचा टोप ठेवू का आत? झाकून ठेवीन. तुमच्या मालाला वास लागनार नाय."

इस्माईलभाई हसला. "ठेव ना. तशीही फुकट जळते."

रात्रभर भट्टीत राहिलेला टोप तिने सकाळी बाहेर काढला, झाकण उघडलं तर वाल लोण्यासारखे मऊ शिजले होते. मग ती चवळी ठेवू लागली, मटकी, कधी रताळी. इतर बायकांनीही आपापले टोप आणले. भट्टीत जागेवरून तंटे व्हायला लागले. रंजिताला सुरुवातीला वाल घशाखाली उतरत नसत. ती रुसायची, वडापावसाठी हट्ट धरायची, आणि चंद्रावती कधी ओरडायची, कधी हरायची.

काही महिन्यांनी परत रक्त तपासलं. पोरीची साखर थोडी उतरली होती. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. पण चंद्रावतीचे सुजलेले पाय त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. "मावशी, आता तुमचं बघू."

"मना काय झालंय?"

तिची साखर पोरीच्या कितीतरी वर निघाली. इतके महिने ती पोरीची तहान मोजत होती आणि स्वतः घटाघटा पाणी पीत होती. गोळ्या लिहून दिल्या. त्या जन्मभर घ्यायच्या, हे ऐकून ती बाकावर बसली ती उठेचना. शेवटी रंजितानेच तिचा हात धरून तिला उठवलं.

"बाबाला सांगू नको," चंद्रावती वाटेत म्हणाली.

"सांगणार," रंजिता म्हणाली.

महादेवने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने पाठ भिंतीला टेकवून, परात मांडीवर घेऊन, भाकऱ्या थापायला घेतल्या. त्या जाड झाल्या, कडेला फाटल्या.

त्याच सुमारास बेकरीची जागा बिल्डर बघून गेल्याची बातमी आली. इस्माईलभाई म्हणाला, दिवाळीपर्यंत तरी काही होत नाही. त्यापुढे भट्टीचं काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.