जनरल इथे अडून बसला

माझ्या बहिणीचा नवरा एझेल प्रुइट खोटं बोलत नाही. चर्चचा डीकन आहे, बायबलवर हात ठेवून सांगतो. पण खरं बोलून समोरच्याला कसं गंडवायचं हे शिकायचं असेल, तर अख्ख्या जॉर्जियात त्याच्यासारखा गुरू मिळायचा नाही. मी त्याची एकुलती एक मेहुणी. पंचेचाळीस वर्षं त्याच्या तावडीत सापडतेय, म्हणून सांगते.

आमच्या गावाबाहेर, सॉर्गम ओढ्याच्या अलीकडे, रस्त्याकडेला सरकारी पाटी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धाची. खांबावर हिरवा पत्रा आणि त्यावर ठसठशीत अक्षरं: ‘नोव्हेंबर १८६४. उत्तरेचे सैन्य समुद्राकडे कूच करीत असताना जनरल या ठिकाणी तीन दिवस थांबले. पुष्कळ विनवण्या होऊनही ते पुढे सरकले नाहीत. या विलंबामुळे अनेकांचे भवितव्य पालटले.’ कुठला जनरल, ते पाटी सांगत नाही. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, सगळ्यांना ठाऊकच आहे.

दर शनिवारी एझेल पाटीभोवतीचं गवत कापतो आणि पातेलंभर उकडलेल्या शेंगा घेऊन तिथेच खुर्ची टाकतो. येणारेजाणारे गाडी थांबवून पाटी वाचतात आणि मग त्याच्या जाळ्यात शिरतात.

‘‘खरंच इथे जनरल थांबले होते?’’

‘‘थांबला? ठाणच मांडलं त्यानं! तुम्ही उभ्या आहात ना ताई, बरोब्बर तिथे.’’

‘‘मग काय केलं त्यांनी?’’

‘‘करतोय काय! आमच्या माणसांचा होता नव्हता तेवढा मका खाल्ला. वर लाथा झाडल्या, त्या वेगळ्याच.’’

‘‘अगंबाई! भलताच माजोरी माणूस!’’

यावर एझेल मान खाली घालून शेंग सोलतो. मी म्हणते, ‘‘एझेल, वरून देव बघतोय.’’ तो म्हणतो, ‘‘बघू दे की. एक तरी शब्द खोटा बोललो का?’’ मला त्याचा असा राग येतो, आणि त्याहून राग येतो तो मला हसू फुटतं याचा.

मागच्या वसंतात राजधानीहून पत्र आलं. जुन्या पाट्यांची तपासणी चालू आहे. सॉर्गम ओढ्यापाशी कुठलाही जनरल थांबल्याची नोंद सैन्याच्या कागदपत्रांत नाही. पुरावा नसेल तर पाटी काढून टाकू.

एझेलनं जेवण टाकलं. बहिणीचा रडवेला फोन आला, ‘‘मक्याची भाकरीसुद्धा तशीच ठेवून उठला गं.’’ तेव्हा कुठे मला कळलं की ही नुसती थट्टा नव्हती. जिच्या सांगण्यावरून ती पाटी लागली, ती त्याची पणजी, टेम्पी, जाताना त्याचा हात धरून म्हणाली होती, ‘‘ही पाटी पडू देऊ नकोस.’’ त्यानं हो म्हटलं होतं.

तपासणीला डॉक्टर केनर्ली नावाच्या बाई आल्या. उंच, चष्मेवाल्या, बोलायला सरळ. त्यांनी शेंगा घेतल्या, कागद काढला.

‘‘तुमच्या पणजींनी जनरलना स्वतः पाहिलं होतं?’’

‘‘नऊ वर्षांची होती. तो बसला तेव्हा त्याच्यापासून चार हातांवर.’’

‘‘त्यांचं पूर्ण नाव?’’

‘‘जनरल.’’

‘‘ते झालं हुद्द्याचं. नाव?’’

‘‘नावच ते.’’

बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘‘मिस्टर प्रुइट, मघापासून तुम्ही त्यांना अरेतुरे करताय. जनरल माणूस होते ना?’’

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मी एझेलकडे पाहिलं. एवढं एक खोटं त्याला बोलू दे, म्हणून मी, डीकनची मेहुणी, देवाची प्रार्थना करत होते.

‘‘नाही बाई,’’ एझेल म्हणाला. ‘‘खेचर होतं.’’

मग त्यानं सगळं सांगितलं. उत्तरेचं सैन्य येतंय, गुलाम सुटणार, हे पणजीच्या मालकाला कळलं. त्यानं तिच्यासकट एकोणीस माणसं गाड्यांत कोंबली आणि दक्षिणेच्या रानात लपवायला निघाला. पहिल्या गाडीला जनरल. ओढ्यापाशी आला आणि अडून बसला. रस्ता चिंचोळा, मागच्या गाड्या तुंबल्या. चाबूक झाला, मका झाला, मालक हात जोडून झाला. सोडवायला गेलेल्याला लाथ. गाडीतली माणसं मनातल्या मनात म्हणत होती, बस बाबा, बस. तिसऱ्या संध्याकाळी झाडांमधून उत्तरेच्या शिपायांचे निळे कोट दिसले. मालक घोड्यावर टांग टाकून पळाला. मग जनरल आपणहून उठला.

‘‘आणि पाटीवाले साहेब?’’ बाईंनी विचारलं.

‘‘एकोणीसशे त्रेपन्न साली आले, पणजी तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षांची. विचारलं, जनरल इथे थांबले होते? पणजी म्हणाली, थांबला ना, तीन दिवस.’’

‘‘त्यांची गफलत होतेय हे तिला कळलं नाही?’’

‘‘पहिल्याच प्रश्नाला कळलं. पण बाई, त्या दिवसांत गोऱ्या साहेबाची चूक दुरुस्त करणं आम्हाला झेपणारं नव्हतं. पाटीच्या समारंभाला बँड होता. आमच्या लोकांना रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. सगळ्यांत जोरात टाळ्या तिनं वाजवल्या.’’

बाई उठल्या. पाटीसमोर जाऊन एकेका शब्दावर बोट ठेवत त्यांनी ती वाचली. सैन्याची कूच, तीन दिवस, विनवण्या, विलंब. परत आल्या तेव्हा चष्मा पुसत होत्या.

‘‘खोटं काहीच नाही हो. फक्त ‘थांबले’, ‘सरकले नाहीत’, हा एवढा मान जास्तीचा आहे.’’

‘‘तो राहू द्या,’’ एझेल म्हणाला. ‘‘त्याला तो मान आम्ही देतो.’’

‘‘पाटी राहील,’’ बाई म्हणाल्या आणि कागदावर भराभर लिहू लागल्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. शेवटच्या रकान्यापाशी त्या थबकल्या.

‘‘इथे विचारलंय, जनरल कोणत्या बाजूचे? उत्तरेच्या की दक्षिणेच्या?’’

‘‘आमच्या,’’ एझेल म्हणाला.

बाईंनी तसंच लिहिलं.