पुसलेल्या चकत्या

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. रक्कम शून्य, कारण काम घरचं. हजर तिघं: मी, पुण्यात संशोधन करणारी माझी पुतणी, आणि औंढ्याहून आमच्या गाळ्यात पुसण्या-बांधण्याच्या कामाला येणाऱ्या मावशी.

लोणावळ्यातल्या या गाळ्यात आम्ही धातूचे सुटे भाग द्रावणात बुडवून त्यांतून वीज सोडतो आणि वर थर चढवतो. हल्ली काम कमी आलं तरी कंबर तेवढीच दुखते. पुतणीच्या प्रयोगशाळेतलं विजेचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून ती टायटॅनियमच्या चोवीस चकत्या आणि स्वतःचं द्रावण घेऊन आली.

"वीस व्होल्ट, काका. एकवीस नको."

"एकवीस कुणाला दिलेत का मी आजवर?"

विजेने त्या चकत्यांवर भोकांची जाळी पडते. एक भोक केवढं, तर केसाच्या जाडीचे हजार भाग करावेत आणि त्यातला एक घ्यावा. त्यावर ती हाडाच्या मज्जेतल्या मूळपेशी सोडणार होती. या पेशी अजून काहीच झालेल्या नसतात. हाड होतील, चरबीही होतील. तिचा प्रश्न एवढाच होता की खालची जमीन कशी आहे यावरून त्या हाड व्हायचं ठरवतात का. पेशी तिने फ्रीझरमधून काढून वाढायला ठेवल्या होत्या आणि मंगळवारी त्या चकत्यांवर जायलाच हव्या होत्या. उशीर झाला तर दाटीत त्या भलतंच काही होऊन बसल्या असत्या, आणि तिच्याकडे पेशींची दुसरी नळी शिल्लक नव्हती.

सहा-सहाचे चार घाणे दुपारी दोनपर्यंत झाले. चकत्या तारेच्या जाळीवर वाळत ठेवून आम्ही घरी जेवायला गेलो. परत आलो तेव्हा मावशी शेवटची चकती फडक्याने पुसत होत्या. बाकीच्या तेवीस कागदात बांधून तयार होत्या, लखलखीत.

पुतणीने एक पुडी उघडली आणि ती स्टुलावर बसली.

"लय मळकट दिसत व्हत्या," मावशी म्हणाल्या. "म्हनलं, पोरीच्या हातात अशा कशा द्यायच्या?"

"मावशी, ती जाळी होती. तोच मळ हवा होता."

"मळावर काय उगवतंय?"

"हाड."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, माजी आजची हजेरी कापा. पर न पुसता माल भाईर गेला तर तुमीच कापता. बोटं उमटली म्हून पन्नास कापलेलं, आठवतंय का?"

मला आठवत होतं. न पुसलेला माल बाहेर जायचा नाही, हा नियम माझा. या चकत्या पुसायच्या नाहीत, हे मी वहीत नीट लिहिलं होतं. मावशींना वाचता येत नाही, हे मला अकरा वर्षं माहीत आहे. हजेरी कापली नाही.

रविवारी तिघं परत आलो. मावशींनी एकेक चकती पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत केली, मी वीस व्होल्ट दिले, पुतणी मोजत राहिली. संध्याकाळी पाचला तेवीस झाल्या. आदल्या दिवशी अर्धीच पुसून झालेली चोविसावी तिने तशीच वेगळ्या डबीत टाकली. मावशींना रविवारची दुप्पट हजेरी दिली. पुतणी मिळेल त्या लोकलने पुण्याला गेली. मी घरी जाऊन चहासुद्धा न घेता आडवा झालो.

एप्रिलमध्ये ती गाळ्यावर आली. तेवीस चकत्यांवर हाडाचा चुना धरला होता, वीज न दिलेल्या गुळगुळीत चकत्यांपेक्षा जास्त, पण फार जास्त नाही. ती थकलेली दिसत होती. मग तिने मोबाइलवर चोविसावीचा फोटो दाखवला. चुना दिसावा म्हणून लावलेला लाल रंग एका अर्ध्यावर दाट होता, दुसऱ्यावर जवळजवळ नव्हता. मधली कड फडक्याच्या फटकाऱ्यासारखी वाकडी.

"हे प्रबंधात जाणार नाही, काका. एका चकतीवरून काही सिद्ध होत नाही."

मावशींनी फोटो हातभर लांब धरून पाहिला. "म्हंजे मी पुसलं तितं काय आलं न्हाई."

"नाही."

"बरं झालं अर्धीच पुसली," म्हणत त्या फडकं घेऊन कामाला लागल्या.

मी जुनी वही काढली. नोंद सापडली: बोटांचे ठसे, पन्नास वजा. संध्याकाळी मावशी निघताना पन्नासची नोट त्यांच्यापुढे धरली.

"ह्ये कशाचं?"

"तेव्हा कापलेले."

त्यांनी नोट उलटसुलट करून पाहिली. "आन् याज?"

व्याज मी काढलं नव्हतं. खिशात आणखी एक पन्नासची होती. एकूण दिले शंभर रुपये, मावशींना.